पाबळचा नकाशा आणि मुलाण्याचे रान

पाबळ म्हटले की मस्तानी. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातल्या या गावाची ओळख महाराष्ट्रात एवढ्या एका नावात आटोपते. ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ ही कादंबरी १९७२ साली आली, २०१५ साली बाजीराव-मस्तानीवरचा हिंदी चित्रपट आला, आणि गाड्या करून कबर पाहायला येणाऱ्यांची संख्या वाढली. कोणी तिला समाधी म्हणतात, कोणी मजार म्हणतात. कोणी हात जोडतो, कोणी फातिहा पढतो. भांडण नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. पण येणारा माणूस भिंतीने वेढलेल्या त्या आवारात येतो आणि तिथूनच परततो. गावात तो जात नाही. मस्तानी या परिसरात येण्याआधी इथल्या गावगाड्यात मुसलमान कुठे होता? ती गेल्यावर ही कबर, इथली कब्रस्ताने, इथले पीर कोणी राखले, कशाच्या बळावर राखले? हे प्रश्न कोणी विचारत नाही. आपणही विचारत नाही.

बखरी आणि कादंबऱ्या या प्रश्नांना उपयोगी पडत नाहीत. त्यांत शनिवारवाडा आहे, बुंदेलखंड आहे. पाबळ येते ते शेवटच्या पानावर, तेही मरणाचे ठिकाण म्हणून. आमच्या मते अशा गावाच्या इतिहासासाठी जुने नकाशे हाती घ्यावेत. नकाशाला नायक-नायिका नसतात. त्यात ओढा असतो, वाट असते, विहीर असते, आणि कोणते रान कोणाचे याची नोंद असते. ज्यांची नावे बखरकाराने लिहिली नाहीत, ती माणसे नकाशात जमिनीच्या तुकड्याच्या रूपाने शिल्लक राहतात.

सुरुवात मस्तानीपासूनच करू, कारण तिच्या बाबतीतही नकाशा काही सांगतो. १७२९ साली महंमदखान बंगशाने छत्रसालाला जैतपुरात कोंडीत पकडले, बाजीराव मदतीला धावला, आणि त्यानंतर मस्तानी पुण्यास आली. ती छत्रसालाची कन्या होती असे बहुतेक लिहितात. तिच्या आईविषयी मात्र मतभेद आहेत. बाजीरावाने तिला पाबळ, केंदूर आणि लोणी ही तीन गावे दिली असे सांगितले जाते. आता लोणी कोणती? पुणे जिल्ह्यात लोण्या कमी नाहीत. लोणी काळभोर आहे, लोणीकंद आहे, लोणी भापकर आहे. आणि पाबळच्या उत्तरेला, आंबेगाव तालुक्यात, धामणीच्या जोडीने जिचे नाव घेतात ती लोणी आहे. नकाशा समोर ठेवला की केंदूर पाबळच्या दक्षिण अंगाला आणि ही लोणी उत्तर अंगाला दिसते. आजचा बेल्हे-जेजुरी रस्ताही या लोणीवरून पाबळला येतो आणि पुढे शिक्रापूरकडे उतरतो. जहागिरीची गावे सलगच असत असे नाही, विखुरलेलीही दिली जात. तरीही जिला पुण्यात नीट राहू दिले जात नव्हते अशा स्त्रीला उत्पन्न आणि आसरा एकाच टापूत मिळावा, अशी ही रचना असावी असे आम्हाला वाटते. धामणीजवळची लोणी धरली तर तीन सुटी नावे राहत नाहीत, एक मुलूख तयार होतो, आणि पाबळ त्याच्या मधोमध येते.

या मुलुखाचा दुसरा टोकबिंदू थेट बांद्याला आहे. बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे वारला. त्याच वर्षी मस्तानीही गेली. त्यांचा मुलगा समशेर बहादूर १७६१ च्या पानिपतात लढला आणि जखमांनी मेला. नातू अली बहादूर याने बुंदेलखंडात बांद्याची नवाबी उभी केली, आणि त्याच घराण्यातला दुसरा अली बहादूर १८५७ च्या उठावात इंग्रजांविरुद्ध उभा राहून गादी गमावून बसला. पाबळहून बांद्यापर्यंत रेघ ओढली तर ती मराठी सत्तेच्या विस्ताराची रेघ आहे. आणि त्या रेघेवर चालणारे घराणे मुसलमान होते, पेशव्यांच्या रक्ताचे होते, मराठ्यांच्या बाजूने लढणारे होते. आम्ही हे अभिमानाने सांगतो. पण एवढ्यावर थांबलो तर पाबळच्या मुलाण्याला, तांबोळ्याला, आताराला काय मिळाले? नवाबांचा इतिहास नवाबांना लखलाभ. आपल्यातले बहुतेक लोक नवाबांच्या वंशातले नाहीत.

तेव्हा गावाकडे वळू. इंग्रजांच्या आधी गावाचा नकाशा कागदावर फारसा काढला जात नसे, तो शब्दांत लिहिला जाई. त्याला चतुःसीमा म्हणत. पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमक्याचे शेत, दक्षिणेस पांद, उत्तरेस गावची शीव. शेताला आकडा नव्हता, नाव होते. त्या नावाला थळ म्हणत, आणि गावातल्या सगळ्या थळांची मोजदाद ज्या कागदात असे तो थळझाडा. मोजणी बिघ्यात होई, एकशेवीस बिघ्यांचा एक चावर. जुन्नर ही निजामशाहीची पहिली राजधानी. त्या काळापासून या टापूत फारसी आणि मोडी अशा दोन्ही लिप्यांत कागद होत आले. निजामशाहीच्या उत्तरार्धात मलिक अंबरने जमिनीच्या मोजणीची आणि साऱ्याची जी घडी बसवली तिचा बोलबाला मराठी कागदांतही पुढे राहिला. हबशी गुलाम म्हणून आलेल्या माणसाने दख्खनच्या कुणब्याच्या शेताचा हिशेब लावला, हे आपल्या पाठ्यपुस्तकात एका ओळीत येते. खरे तर त्यावर एक धडा हवा.

शिवेचा किंवा वतनाचा वाद झाला की गोतसभा बसे आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. महजराखाली कोण कोण असत ते पाहावे. पाटील असे, त्याची निशाणी नांगर. कुलकर्णी असे. चौगुला, सुतार, लोहार, चांभार, महार, मांग, न्हावी, परीट असत, प्रत्येकाची आपल्या हत्याराची निशाणी. आणि त्याच ओळीत मुलाणा असे. परगण्याच्या पातळीवरच्या कागदावर काझीचा फारसी शिक्का असे. शीव दाखवायला पुढे महार चाले, कारण शिवेचा जाणता तोच. आणि जे ठरले ते ठरले असे म्हणायला मुलाणाही साक्षीला असे. गाव म्हणजे कोण, या प्रश्नाचे उत्तर त्या काळी महजराखालच्या नावांनी दिले जाई, आणि त्यात आपण होतो. पाहुणे म्हणून नव्हतो.

त्रिंबक नारायण आत्र्यांच्या ‘गाव-गाडा’ या १९१५ च्या पुस्तकात मुलाण्याचे काम सांगितले आहे. गावच्या मशिदीची देखभाल, पिराची दिवाबत्ती, बकरे हलाल करणे. गावच्या जत्रेत देवीपुढे कापायच्या बकऱ्यावरही अनेक गावांत सुरी मुलाण्याचीच फिरे, आणि हिंदू कुणबी ते मटण निःशंकपणे घरी नेई. काही याद्यांत मुलाणा बारा बलुतेदारांत येतो, काही याद्यांत अलुतेदारांत. त्याला बलुते मिळे आणि बऱ्याच गावांत थोडी इनाम जमीन असे. ही जमीन थोडी, बहुधा हलकी, माळाकडची. पण गावाने दिलेली. आमच्या मते मुसलमान समाजाच्या स्थानिक इतिहासाचा सगळ्यात भक्कम कागद म्हणजे बादशहाचे फर्मान नव्हे, मुलाण्याचे हे रान आहे.

मग इंग्रज आले. १८१८ नंतर पुणे जिल्ह्यात पहिली मोठी मोजणी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२८ च्या सुमारास केली. तिचा सारा रयतेला झेपला नाही आणि ती मोडीत निघाली. मग १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पद्धत सुरू केली, आणि ती पुढे जिल्हाभर, इलाखाभर गेली. पाबळ तेव्हा साधे गाव नव्हते, ते तालुक्याचे गाव होते. १८६० च्या दशकात तालुक्यांची फेररचना झाली, पाबळ तालुका मोडला आणि पाबळ शिरुरात गेले. जुन्या आणि नव्या नकाशांत या बदलाची खूण शोधता येते. तालुक्याच्या गावाकडे चारी दिशांनी वाटा येतात. कचेरी उठली की त्यातल्या निम्म्या वाटा पांदी होऊन राहतात.

ही मोजणी कशी होई ते आपल्या तरुणांनी समजून घ्यावे. तेहतीस फुटांची लोखंडी साखळी, तिचे सोळा भाग, त्या भागांना आणे म्हणत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, चाळीस गुंठे म्हणजे एकर. पाटील-कुलकर्णी बरोबर, साखळी ओढायला गावचीच माणसे. प्रत्येक शेताला नंबर, नंबराच्या कोपऱ्यावर दगड, आणि प्रत्येक नंबराचे एक टिपण. टिपण म्हणजे त्या एका शेताचा हाताने काढलेला आराखडा, बाजूंची मापे साखळी-आण्यांत लिहिलेला. शेतातली विहीर, ओढा, झाड, कबर अशा गोष्टी त्यात खुणेने दाखवलेल्या सापडतात. ही टिपणे आजही भूमी अभिलेख खात्याकडे आहेत. सगळे नंबर जोडून गावनकाशा तयार होई.

यात मिळाले ते असे की, मुलाण्याच्या रानाला, कब्रस्तानाला, ईदगाहीला सरकारदरबारी नंबर मिळाला. गेले ते असे की, थळाचे नाव गेले. पिराचा माळ, काझीची पट्टी, तकियाचे रान, मशिदीमागचे टेक अशी नावे दख्खनच्या कितीतरी गावांत लोकांच्या तोंडी होती आणि काही ठिकाणी अजून आहेत. नंबर आल्यावर कागदाला नावाची गरज उरली नाही. नाव जिभेवर राहिले आणि जीभ पिढीबरोबर बदलते.

त्याच काळात इनामांची झडती सुरू झाली. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसले, सनदा मागितल्या गेल्या. ज्याच्याजवळ कागद, त्याची जमीन. मोठ्या इनामदाराकडे सनद होती, कारकून होता, पुण्याला हेलपाटे घालायची ऐपत होती. मुलाण्याकडे काय होते? आजोबापासून वहिवाट. १८६३ च्या कायद्याने बऱ्याच इनामांचा ठराविक सारा ठरवून निकाल लागला आणि इनामांचे वर्ग पडले. वर्ग तीन म्हणजे देवस्थान इनाम. महसुली भाषेत मशीद आणि दर्गाही देवस्थानच. गाव नमुना तीन या नोंदवहीत या दुमाला जमिनी लिहिल्या जातात. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात इनामे रद्द करणारे कायदे एकामागून एक आले. बलुतेदारांची सेवा-इनामे गेली, देवस्थान इनामे राहिली. म्हणून एकाच गावातल्या मुलाण्याचे रान कोणत्या वर्गात लिहिले गेले होते यावर पुढच्या दोन पिढ्यांचे नशीब ठरले. मशिदीच्या खर्चासाठी म्हणून लिहिले असेल तर ते टिकले. मुलाण्याच्या चाकरीसाठी म्हणून लिहिले असेल तर ते रयतावारीत गेले, आणि मग विकले गेले. शंभर वर्षांपूर्वी कारकुनाने कोणत्या रकान्यात बोरू टेकवला, एवढाच फरक.

इनाम कमिशनने चाळलेले हे कागद पुण्यातल्या पेशवे दफ्तरात आहेत. त्या इमारतीला जुनी माणसे एलिनेशन ऑफिस म्हणत. आपल्या समाजातले किती अभ्यासक तिथे जाऊन बसले? मोडी शिकणे म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी काम, असा आपला समज झाला आहे. उर्दू आपली, मोडी त्यांची. वास्तविक पुणे जिल्ह्यातल्या मुसलमानाच्या जमिनीचा कागद उर्दूत सापडायचा नाही. तो मोडीत सापडेल.

आता तिसऱ्या प्रकारचा नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाची, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाची, जी पत्रके असतात त्यांत पाबळ ४७ जे/१ या पत्रकावर येते. पूर्वी एक इंचाला एक मैल असे प्रमाण होते, आता पन्नास हजारास एक आहे. म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर जमिनीवर पन्नास मीटर. कबर दोन-तीन मीटरची. तिचे चिन्ह मात्र कबरीपेक्षा कितीतरी पट जागा व्यापते. हे चिन्ह छापायचे की नाही हे मोजणीदार तिच्या महत्त्वावरून ठरवी, मोजमापावरून ठरवत नसे. या पत्रकांच्या तळाशी खुणांची यादी असते. तिच्यात एका ओळीत देऊळ, छत्री, चर्च, मशीद, ईदगाह, थडगे आणि कबरी येतात, एकापाठोपाठ एक, सारख्याच मापाच्या. सर्वधर्मसमभावावर आपल्याकडे बरेच बोलले जाते. आम्हाला तो सर्वांत निमूटपणे पाळलेला आढळला तो या ओळीत.

या सर्वेक्षण विभागाच्या इतिहासात एक नाव आपल्या वाचकांना ठाऊक असावे म्हणून सांगतो. अर्काटचे सय्यद मीर मोहसिन हुसेन हे एव्हरेस्टच्या काळात या खात्याची मोजणीची यंत्रे दुरुस्त करीत, आणि पुढे खात्याचे अधिकृत यंत्रकार झाले. ज्या दुर्बिणींनी या देशाचे कोन मोजले त्यांतल्या काहींना त्यांचा हात लागलेला आहे. शिखराला नाव एव्हरेस्टचे मिळाले, हे काही नवल नाही.

पत्रकावर ओसाड गावाचीही खूण असते. दुष्काळात, दंगलीत, साथीत उठलेली गावे, ज्यांना आपण बेचिराख म्हणतो. अशा जागी घरे जातात, पण कबरी आणि पार राहतात. माणूस राहत नसलेल्या माळावर नकाशात कबरीची खूण दिसली तर तिथे पूर्वी वस्ती होती का, हे जवळच्या गावात विचारावे. पाबळ-केंदूरचा पट्टा पावसाच्या दृष्टीने दुर्दैवीच. वेळ नदीच्या खोऱ्यातल्या या गावांनी पाण्यासाठी अजूनही झगडणे सोडलेले नाही. १८७५ साली सुप्यापासून पेटलेले सावकारांविरुद्धचे दख्खनचे दंगे शिरूर तालुक्यातही पसरले होते. जमीन गहाण पडत होती ती कुणब्याची, तशीच तांबोळ्याची आणि मुलाण्याचीही. पाबळचा मुसलमान म्हणजे मस्तानीच्या पालखीबरोबर आलेले लोक, अशी कल्पना करून घेणाऱ्यांनी ही बाजू लक्षात घ्यावी. त्याचा दुष्काळ गावाचा होता.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र नकाशाच्या एका कोपऱ्यात असते आणि तिचे नाव अगदी गबाळे आहे: पोटखराबा. सर्व्हे नंबराच्या पोटात जी जमीन पिकाऊ नाही ती पोटखराबा. तिचे दोन वर्ग. ‘अ’ म्हणजे खडक, ओघळ, वगैरे. ‘ब’ म्हणजे सार्वजनिक वापरामुळे जिच्यावर सारा बसवला नाही ती जमीन: रस्ता, लोकांच्या वापराचा पाणवठा, कुंभाराची माती, आणि कोणत्याही समाजाची दफनाची किंवा दहनाची जागा. म्हणजे एखाद्याच्या शेतात जुनी कब्रस्तानाची जागा असेल, आणि सातबाऱ्यावर कब्रस्तान हा शब्द कुठेही नसेल, तरी पोटखराबा ‘ब’ मध्ये काही गुंठे दाखवलेले असू शकतात. ते गुंठे काय म्हणून सोडले होते याचे उत्तर मूळ टिपणात सापडते. हा धागा किती बारीक आहे ते पाहा. टिपण, आकारबंद, सातबारा, तीन कागद एकाखाली एक ठेवल्याशिवाय तो दिसत नाही.

हा धागा तुटतो तो गट योजनेत. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली गावोगाव सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तुकडे जोडून सलग शेते करायची, हा हेतू चांगला होता. पण जुना नंबर एक, नवा दुसरा. म्हातारा सांगतो सर्व्हे नंबर, तलाठ्याच्या वहीत गट नंबर, आणि ट्रस्टच्या कागदात कधी हा तर कधी तो. मशिदीच्या पुढच्या पिढीला आपली जागा कोणती हेच कळेनासे होते. याला जोडणारा कागद आहे, त्याला महसुली बोलीत ‘नऊ-तीन नऊ-चार’चा उतारा म्हणतात. जुना नंबर कोणत्या गटात गेला ते त्यात असते. आमचे सांगणे असे की, प्रत्येक जमातीने आपल्या गावापुरता हा एक उतारा तरी काढून ठेवावा.

हा केवळ हौसेचा विषय राहिलेला नाही. पश्चिम महाराष्ट्रात आपल्या बऱ्याच संस्था १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदल्या गेल्या. १९९५ च्या वक्फ कायद्यानंतर महाराष्ट्राचे वक्फ मंडळ २००२ मध्ये आले. यादीत नाव, पण नंबर चुकीचा. नंबर बरोबर, पण क्षेत्र अर्धे. असे प्रकार गावोगाव. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी झाली. त्या मोजणीत उड्डाणाआधी चुन्याची फक्की टाकून हद्दी दाखवायच्या असतात. जिथे जमातीची माणसे त्या सकाळी हजर होती तिथे मशिदीच्या अंगणाची, तकियाची रेघ नीट पडली. जिथे कोणी गेले नाही तिथे शेजाऱ्याने दाखवली ती हद्द. आणि २०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्याने ‘वापराने वक्फ’ ही कल्पना पुढील काळासाठी काढून टाकली. जी ठिकाणे आधी नोंदली गेली आहेत, ज्यांच्याबद्दल वाद नाही आणि जी सरकारी जागा नाहीत, त्यांना ती राहिली. शेकडो वर्षे इथे मय्यत पुरली जाते, हे सांगणे पूर्वी पुष्कळ होते. आता टिपण लागते.

या कायद्याबद्दल मते काहीही असोत, आम्हाला आपल्या समाजाच्या एका सवयीबद्दल बोलायचे आहे. आपल्या घराघरांत शजरे जपले आहेत. कोणाचा शजरा अरबस्तानात जातो, कोणाचा इराणात, कोणाचा विजापुरात. शजऱ्याची चौकट भिंतीवर आणि इनामाचा कागद कुठे, तर वाळवीने खाल्ला. दूरचे मूळ दाखवण्यात प्रतिष्ठा वाटते, गावचे मूळ दाखवण्यात कमीपणा. मुलाणी आडनाव बदलून लोक शेख लावतात. मग कोणी विचारले, तुम्ही इथले कसे, तर आपल्याकडे सांगायला अरबस्तान असते. मुस्लिम मराठी साहित्य संमेलनाची चळवळ १९९० साली सोलापुरात सुरू झाली तेव्हापासून आपण मराठी मुसलमान आहोत हे आग्रहाने मांडत आलो. ते भाषेच्या अंगाने मांडले, आणि ते योग्यच झाले. जमिनीच्या अंगाने मांडायचे काम बाकी आहे.

नकाशालाही मर्यादा आहेत, त्या झाकण्यात अर्थ नाही. नकाशात मोहर्रमच्या ताबुतांची वाट नसते. पंजे कोणत्या वाड्यातून उठतात, कोणत्या पाटलाच्या दारात थांबतात, कोणत्या विहिरीवर थंड होतात, हे कोणत्याही पत्रकावर छापलेले नाही, आणि पुणे जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत ही वाट हिंदू-मुसलमान मिळून चालत आले आहेत. नकाशात बायका तर नसतातच. वहिवाटदार म्हणून पुरुषाचे नाव. बेवा झालेली बाई ‘अज्ञान पालनकर्ती’ म्हणून कुठे तरी कोपऱ्यात. या दृष्टीने पाहिले तर मस्तानीचे वेगळेपण खरे तर इथे आहे. तीन गावांच्या उत्पन्नाशी एका मुसलमान बाईचे नाव जोडले गेले, तेही पेशव्यांच्या अमदानीत. नाचणारी, पान खाताना गळ्यातून रंग दिसणारी मस्तानी सगळ्यांना ठाऊक. जहागीरदार मस्तानीवर कोणी लिहिले? तिच्या वेळी पाबळचा वसूल कोण करी, गावाशी तिचे कसे होते, हे प्रश्न तिच्या सौंदर्याइतकेच विचारण्यासारखे आहेत.

पाबळच्या दक्षिणेला लगतच्या पत्रकावर वढू बुद्रुक आहे, कोरेगाव भीमा आहे. त्या नावांवरून अलीकडच्या काळात किती रक्त तापले, २०१८ च्या १ जानेवारीला काय घडले, ते सर्वांना माहीत आहे. या भागात इतिहास म्हटले की माणसे आधी आवाज चढवतात. अशा ठिकाणी साखळी-आण्यांत लिहिलेल्या टिपणाचा थंडपणा आम्हाला हवासा वाटतो. त्यात कोणी जिंकलेला नसतो. पूर्वेस ओढा, पश्चिमेस कुणब्याचे शेत, दक्षिणेस पांद, आणि मध्ये मुलाण्याचे रान.

काम फार मोठे नाही. गावनकाशाची नक्कल अर्ज करून मिळते. नऊ-तीन नऊ-चारचा उतारा मिळतो. सर्वेक्षण विभागाची पत्रके आता संगणकावर उतरवून घेता येतात. मोडी वाचून देणारे पुण्यात आहेत, शिकवणारेही आहेत. नकाशा मोठा करून मशिदीत किंवा चावडीत जमिनीवर पसरायचा आणि गावातल्या जुन्या माणसांना, कुणबी, महार, मुसलमान सगळ्यांना, एकेका नंबराचे जुने नाव विचारायचे. गुरे राखलेला माणूस याबाबत जमीन मालकापेक्षा जास्त सांगतो, आणि सासरी जाऊन साठ वर्षे झालेल्या बाईला माहेरच्या बांधांची नावे अचूक आठवतात. ती नावे शिसपेन्सिलीने त्या त्या नंबरावर लिहायची. नकला उद्याही मिळतील. ही माणसे ऐंशीच्या पुढे गेली आहेत, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करावी लागेल, आणि कचेरीचा अर्ज नंतर.